सायकलीच्या टायरमधील हवेचा दाब

सायकलीच्या टायरमधील नळीत (ट्यूबमध्ये) कोंडलेली हवा बाहेरच्या वातावरणापेक्षा जितक्या अधिक जोराने टायरच्या भिंतीवर रेटा देते, तो टायरचा दाब होय. तो दर चौ. सेंमी.स किग्रॅ. किंवा दर चौ. इंचास पौंड या एककांत सांगतात (१ किग्रॅ./चौ. सेंमी. = सु. १४.२ पौंड/चौ. इंच). स्वाराला मिळणारा आराम, सायकलीचा वेग आणि चाकाची रस्त्यावरील पकड ही तिन्ही बऱ्याच अंशी या दाबावर अवलंबून असतात. टायर जितका कडक तितकी सायकल वेगवान, हा समज सु. शंभर वर्षे टिकून होता. तो कसा रूढ झाला व कसा मागे पडला, हाच या विषयाचा मुख्य इतिहास आहे.

हवा भरलेल्या टायरची कल्पना सायकलीहून जुनी आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन (१८२२–७३) या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये तिचे एकस्व घेतले. रबर चढविलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचे वेष्टन अशी ही रचना घोडागाडीच्या चाकांसाठी होती. लोखंडी धावेच्या चाकांशी तुलना केली असता अशा चाकांची गाडी ओढण्यास कमी बळ लागते आणि ही बचत गुळगुळीत रस्त्यापेक्षा फुटक्या खडीवर अधिक होते, असे त्या वेळच्या चाचण्यांत आढळून आले. पुढील सर्व वादाचे उत्तर या निरीक्षणात होते. पण रबर महाग असल्याने शोध मागे पडला व त्याबरोबर निरीक्षणही विसरले गेले.

बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप (१८४०–१९२१) यांनी १८८८ मध्ये तोच शोध स्वतंत्रपणे लावला. त्यांना शर्यत जिंकावयाची नव्हती. फरसबंदीवर मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे हादरे कमी करावयाचे होते. परंतु मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत विल्यम ह्यूम हा स्वार असे टायर लावून उतरला आणि भरीव रबराच्या चाकांवरील प्रतिस्पर्ध्यांना त्याने मागे टाकले. आरामासाठी काढलेले साधन वेगाचे ठरले. टॉमसन यांच्या अग्रक्रमामुळे डनलॉप यांचे एकस्व पुढे रद्द झाले, तरी नाव मात्र त्यांचेच राहिले.

शर्यतींच्या काळात टायर अरुंद व कडक होत गेले. यामागील तर्क निराधार नव्हता. टायर जमिनीवर टेकतो तेथे त्याचे रबर व कापड वाकते आणि पुन्हा सरळ होते. या क्रियेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दाब वाढविला की वाकणे कमी होते व ही हानी घटते. टायरच्या चाचण्या बहुधा गुळगुळीत पोलादी रुळांवर होत असल्याने त्यांतून दर वेळी ‘अधिक दाब, कमी विरोध’ हाच निष्कर्ष निघे. १९८० नंतरच्या दोन दशकांत २० ते २३ मिमी. रुंदीचे टायर व ८ किग्रॅ./चौ. सेंमी.च्या आसपासचा दाब शर्यतींत सर्वमान्य झाला होता. फ्रान्समधील पॅरिस–रूबे ही दगडी फरसबंदीवरून जाणारी शर्यत (स्थापना १८९६) त्याला अपवाद होती. तेथील स्वार रुंद व मऊ टायरच पसंत करीत. मात्र ती केवळ खराब रस्त्यासाठी केलेली तडजोड मानली जाई.

भारतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते. पुणे हे विसाव्या शतकाच्या मध्यास सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तेथील रोजच्या वापरातील अठ्ठावीस इंची सायकलीला सु. ४० मिमी. रुंदीचा टायर व वुड्स पद्धतीची झडप असे. या झडपेत बारीक छिद्रावर रबराची पातळ नळी (‘व्हॉल्व्ह ट्यूब’) चढविलेली असते; पंपातील हवा ती नळी फुगवून आत शिरते आणि आतील दाब नळीला पुन्हा छिद्रावर घट्ट बसवितो. झडप स्वस्त व दुरुस्तीस सोपी, पण तिच्यातून आतील दाब नीट मोजता येत नाही. पंपावरील मापक रबर उचलण्यास लागणारा जादा दाबही त्यात मिळवून दाखवितो. त्यामुळे हवा भरणारा दुकानदार आणि स्वार या दोघांचेही माप म्हणजे अंगठा. जाड भिंतीचा टायर हवा कमी असतानाही अंगठ्याला कडक लागतो आणि ५ व ८ किग्रॅ.मधील भेद तर अंगठ्याला मुळीच कळत नाही. सायकलींच्या या शहरात दाबाचा आकडा माहीत असलेले स्वार विरळाच असावेत.

दाब व भार यांचा संबंध साधा आहे. चाकावरील भाराला दाबाने भागले असता टायरचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने मिळतो. मागील चाकावर ५० किग्रॅ. भार व दाब ५ किग्रॅ./चौ. सेंमी. असेल, तर हा भाग सु. १० चौ. सेंमी., म्हणजे आगपेटीच्या वरच्या बाजूहूनही लहान असतो. भार पडला असता टायरची उंची सु. १५ टक्के कमी व्हावी, हे माप फ्रँक बर्टो या अमेरिकन अभियंत्यामुळे प्रचारात आले. त्याचा कोष्टकरूप लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मागील चाकावर ४८ किग्रॅ. भार असता २३ मिमी. टायरला सु. ७.५, २८ मिमी.ला सु. ५.४ आणि ३२ मिमी.ला सु. ४.३ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब पुरतो. पुढील चाकावर भार कमी असल्याने तेथे दाबही कमी लागतो. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब ही सुरक्षिततेची मर्यादा असते. ती शिफारस समजण्याची चूक सर्रास होते.

याच सुमारास यान हाइने यांनी खडबडीत पृष्ठावर प्रत्यक्ष स्वारासह चाचण्या घेतल्या आणि जुना समज डळमळला. टायर फार कडक असला म्हणजे रस्त्यावरील प्रत्येक उंचवट्यावर सायकल व स्वार दोघेही वर उचलले जातात. ही ऊर्जा स्वाराच्या शरीरातील मऊ भागांच्या कंपनांत जिरते व पुढे नेण्याच्या कामी येत नाही. म्हणजे आरामाची हानी ही वेगाचीही हानी असते. दाब वाढवीत नेल्यास एका मर्यादेपर्यंत विरोध घटतो, पुढे तो वाढू लागतो. रस्ता जितका खडबडीत तितकी ही मर्यादा खाली येते. पोलादी रूळ गुळगुळीत व स्वाररहित असल्याने त्यावर हे कधीच दिसले नव्हते. २०१० नंतर व्यावसायिक स्वार २५ व पुढे २८ मिमी. व त्याहून रुंद टायरांकडे वळले.

पुणे–नाशिक मार्गावर याचा प्रत्यय येतो. पुण्याहून भोसरी, चाकणमार्गे सु. ४० किमी.वर भीमा नदीकाठी राजगुरुनगर (पूर्वीचे खेड) आहे. पुढे हाच मार्ग खेड घाटातून मंचरकडे जातो व भीमाशंकरचा फाटा पश्चिमेस वळतो. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील अवजड वाहतुकीने दबलेले डांबर, कडेची खडी आणि गावोगावचे गतिरोधक अशा रस्त्यावर २८ मिमी. टायर ८ किग्रॅ.पर्यंत फुगविणारा स्वार हात बधिर करून घेतो व मागेही पडतो. दाब फार कमी करणेही घातक असते. खड्ड्याच्या कडेवर नळी रिमखाली चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. कॅरिअरवर दुधाच्या किटल्या नेणाऱ्याच्या मागील चाकावर एकट्या स्वाराच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. त्याला लागणारा दाब त्या प्रमाणात वाढतो. मागच्या चाकात हवा जास्त ठेवण्याची त्याची सवय अंगठ्याच्या मापाची असली, तरी तत्त्वतः बरोबर आहे.

तापमानाचा परिणाम मात्र समजला जातो तेवढा मोठा नसतो. हिवाळ्यात पहाटे १२° से.ला ५.४ किग्रॅ./चौ. सेंमी.पर्यंत भरलेला टायर दुपारी ३२° से.ला सु. ५.८ होतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरण्याच्या सल्ल्याला एवढाच आधार आहे. उभ्या सायकलीच्या नळीतून हवा हळूहळू झिरपतच असते, नैसर्गिक रबरातून अधिक व ब्युटिल रबरातून कमी. म्हणून अरुंद टायरचा दाब दर स्वारीपूर्वी व रुंद टायरचा आठवड्यातून एकदा मापकाने पाहतात.