आइसलंडमधील हायड्रोजन प्रकल्प आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारी (१९९९-२००७) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ऊर्जेचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वाफेचे यंत्र, विद्युत जनित्र, खनिज तेल, अणुशक्ती असा क्रम सांगितला की विषय संपला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु एखादा शोध समाजाच्या नित्य वापरात केव्हा येतो व केव्हा येत नाही, हे पुष्कळदा त्या शोधाभोवती झालेल्या करारांवर अवलंबून असते. हायड्रोजन ऊर्जेच्या बाबतीत याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन मिळविण्याची क्रिया एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. इंधन घटाचे तत्त्वही त्याच शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. तरीही हायड्रोजनवर चालणारे सार्वजनिक वाहन रस्त्यावर आणण्यासाठी शासन, विद्यापीठ व बहुराष्ट्रीय कंपन्या यांना एकत्र यावे लागले. अशा भागीदारीचे एक ठळक उदाहरण म्हणून आइसलंडचा उल्लेख केला जातो. तेथील कंपनीत बहुसंख्य भाग देशी संस्थांचे होते आणि प्रयोगही तांत्रिकदृष्ट्या यशस्वी ठरला. असे असूनही तो विस्तारला का नाही, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या बेटाची लोकसंख्या २००० च्या सुमारास २ लाख ८० हजारांच्या आसपास होती. कोळसा व खनिज तेल यांचा तेथे अभाव असला तरी हिमनद्यांपासून निघणाऱ्या वेगवान नद्या आणि भूगर्भातील उष्णता हे दोन साठे विपुल आहेत. रेक्याविक येथे १९३० पासून उष्णोदकाने घरे तापविण्यास प्रारंभ झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही व्यवस्था देशभर झपाट्याने पसरली. त्यामुळे घरे तेलमुक्त होत गेली. परंतु रस्त्यावरील वाहने व मासेमारीच्या नौका मात्र आयात तेलावरच अवलंबून राहिल्या. हायड्रोजनचा विचार पुढे आला तो या उरलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून.

हायड्रोजन आइसलंडला नवा नव्हता. रेक्याविकजवळील गुफुनेस येथे मार्शल योजनेच्या साहाय्याने उभारलेला खत कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. जलविद्युतेच्या आधारे पाण्यातून हायड्रोजन वेगळा करावयाचा, त्यापासून अमोनिया व अमोनियापासून नत्रयुक्त खत तयार करावयाचे, अशी त्याची पद्धती होती. भारतीय वाचकास येथे नांगलचे स्मरण होईल. भाक्राच्या विजेवर विद्युत अपघटनाने हायड्रोजन निर्माण करून खत बनविणारा नांगलचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला होता. या दोन्ही ठिकाणी हायड्रोजनला निश्चित गिऱ्हाईक होते. कारखान्यात निर्माण झालेला वायू त्याच आवारात खपत असे आणि खताची मागणी शेतकऱ्यांकडून येत असे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

हायड्रोजनकडे रासायनिक कच्चा माल म्हणून न पाहता इंधन म्हणून पाहण्याची दृष्टी आइसलंड विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रागी आर्नासन यांनी दिली. हायड्रोजनचेच जड रूप असलेल्या ड्यूटेरियमच्या साहाय्याने देशातील भूजलाचा माग काढणे हा त्यांच्या आधीच्या संशोधनाचा विषय होता. १९७० च्या दशकापासून त्यांनी देशाचे संपूर्ण इंधन स्वदेशी विजेपासून बनविण्याची कल्पना मांडली. सुमारे दोन दशके तिला फारसे अनुयायी लाभले नाहीत. तथापि विद्यापीठात ती जिवंत राहिली, म्हणूनच अनुकूल काळ येताच शासनाला तयार आराखडा उपलब्ध झाला.

भागीदारीची रचना

१९९० च्या दशकात मोटार उद्योगात इंधन घटांविषयी उत्साह निर्माण झाला. आइसलंडमध्ये संसद सदस्य ह्यालमार आर्नासन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या विषयाचा पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये शासनाने हायड्रोजनला अनुकूल असे धोरण जाहीर केले. त्यानंतर १९९९ च्या फेब्रुवारीत 'आइसलँडिक न्यू एनर्जी' ही कंपनी स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भाग 'विस्तोर्का' या देशी समूहाकडे होते. त्यात वीज कंपन्या, विद्यापीठ, सार्वजनिक उद्योजकता निधी आदींचा समावेश होता. उर्वरित भाग डेमलरक्रायस्लर, शेल हायड्रोजन व नॉर्स्क हायड्रो या तीन कंपन्यांकडे प्रत्येकी सुमारे १६.३ टक्के असे होते.

या रचनेत प्रत्येक भागीदाराची भूमिका ठरलेली होती. डेमलरक्रायस्लरकडे वाहनांचे तंत्र होते, तर शेलकडे इंधन वितरणाचा अनुभव. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रोने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या प्रमाणावर विद्युत अपघटन केले होते. देशी पक्षाकडे स्वच्छ वीज, शहर बससेवा, संशोधक आणि अनुकूल लोकमत होते. छोटे शहर, एकसंध प्रशासन व मुबलक वीज यांमुळे परदेशी कंपन्यांना आइसलंड ही आदर्श प्रयोगशाळा वाटली. देशी पक्षाची अपेक्षा मात्र प्रयोगापुरती मर्यादित नव्हती. त्याला देशाचे इंधन बदलावयाचे होते. भागीदारांच्या उद्दिष्टांतील हे अंतर प्रारंभी कोणालाच अडचणीचे वाटले नाही.

प्रयोग आणि त्याची फलिते

'एक्टोस' या नावाने ओळखला गेलेला पहिला प्रकल्प २००१ ते २००५ या काळात राबविण्यात आला. त्याचा खर्च सुमारे ७० लाख युरो होता व त्यातील सुमारे २८ लाख ५० हजार युरो युरोपीय संघाने दिले. २४ एप्रिल २००३ रोजी, म्हणजे आइसलंडच्या परंपरागत पंचांगातील उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, रेक्याविक येथे शेलच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर हायड्रोजन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज-बेंझ सिटारो जातीच्या तीन इंधन घट बसगाड्या नियमित मार्गावर धावू लागल्या. युरोपातील नऊ शहरांत सत्तावीस व ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तीन अशा याच बनावटीच्या गाड्या त्या काळात चालविल्या जात होत्या.

केंद्राची क्षमता ताशी ६० घनमीटर वायूची होती. वजनात मांडल्यास हे उत्पादन दिवसाला सुमारे १३० किलोग्रॅम भरते. प्रत्येक बसच्या छपरावरील नळकांड्यांत सुमारे ४० किलोग्रॅम हायड्रोजन मावत असे व तेवढ्यावर ती साधारण २०० किलोमीटर धावे. म्हणजे एका केंद्राचे दिवसभराचे उत्पादन तीन गाड्या एकदा भरण्यातच जवळजवळ संपत होते. शिवाय ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठविण्याची सोय या गाड्यांत नव्हती. तरीही त्या विश्वासार्ह ठरल्या व नागरिकांनी त्यांचे स्वागत केले. मूळ मुदतीनंतर प्रयोग वाढविण्यात आला आणि २००७ च्या आरंभी गाड्या मार्गावरून काढून घेण्यात आल्या. त्यानंतर काही मोटारी आणि २००८ मध्ये 'एल्डिंग' या पर्यटक नौकेवरील साहाय्यक इंधन घट असे लहान प्रयोग झाले. शहराची बससेवा मात्र डिझेलकडेच परतली.

विस्तार का झाला नाही ?

या परिणामाची काही कारणे सर्वपरिचित आहेत. गाड्यांची किंमत डिझेल बसच्या अनेक पट होती. २००७ मध्ये डेमलर व क्रायस्लर विभक्त झाल्या, तर नॉर्स्क हायड्रोचा तेल विभाग स्टॅटऑइलमध्ये विलीन झाला. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलंडच्या प्रमुख बँका कोसळल्या. पुढे विद्युत घटांवर चालणाऱ्या मोटारींनी इंधन घटांना मागे टाकले.

ही कारणे खरी असली तरी त्यांच्या मुळाशी एक रचनात्मक उणीव दिसते. देशी पक्षाकडे कंपनीचे ५१ टक्के भाग होते. परंतु ज्या वस्तूवाचून प्रकल्प पुढे जाणे अशक्य होते, त्या बसगाड्यांवर त्याचे काहीच नियंत्रण नव्हते. त्या किती, केव्हा व कोणत्या किमतीस मिळणार, हे जर्मनीतील कारखान्यात ठरत होते. या उत्पादकाच्या पुढील पिढीच्या गाड्या २०११ पासून हॅम्बुर्गसारख्या मोठ्या शहरांत धावू लागल्या. ज्या शहराने आरंभीच्या प्रयोगाचा भार उचलला, त्याला पुढील पुरवठ्याचा अग्रहक्क नव्हता.

त्याच काळातील दुसऱ्या एका कराराशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ज्या २००३ मध्ये हायड्रोजन केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी सार्वजनिक मालकीच्या राष्ट्रीय वीज कंपनीने अल्कोआच्या ॲल्युमिनियम कारखान्यास वीज पुरविण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्यासाठी काउरान्यूकार येथे ६९० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारण्यात आला. पर्यावरणाच्या प्रश्नावरून त्यास तीव्र विरोध झाला, तरी तो पूर्णत्वास गेला. हायड्रोजन केंद्राची गरज मेगावॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नव्हती. वीज एकाच देशाची, काळ एकच. तथापि एकीकडे खरेदीदार दशकानुदशके बांधला गेला होता आणि दुसरीकडे प्रयोग संपल्यावर कोणावरही कसलेच बंधन उरले नव्हते. गुफुनेसच्या हायड्रोजनला शेतकरी हे गिऱ्हाईक होते. रेक्याविकच्या हायड्रोजनला तीन बसगाड्यांपलीकडे गिऱ्हाईक नव्हते.

भारताच्या संदर्भात

आइसलंड व भारत हे दोन्ही देश नोव्हेंबर २००३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हायड्रोजन सहकार्य मंचाचे संस्थापक सदस्य होते. भारताने २००६ मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा आराखडा तयार केला. त्यात सार्वजनिक-खाजगी भागीदारीवर भर होता आणि २०२० पर्यंत हायड्रोजनवर चालणारी १० लाख वाहने रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट होते. ते साध्य झाले नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली व त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. आता खत कारखाने व तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या मागणीचा विचार अग्रभागी आहे. एका अर्थाने नांगल व गुफुनेस यांच्या मार्गाकडे हे पुनरागमन होय.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भागीदारीत बहुसंख्य भाग असणे व निर्णायक साधनावर नियंत्रण असणे या भिन्न गोष्टी आहेत. आइसलंडला पहिली लाभली, दुसरी लाभली नाही.

२. प्रयोगाची जोखीम वाटून घेणाऱ्या करारात प्रयोगोत्तर खरेदी व पुरवठा यांची कलमे नसतील, तर तांत्रिक यशानंतरही प्रकल्प थांबतो.

३. विद्यापीठांची भूमिका दीर्घकालीन स्मृतीची आहे. कंपन्या विलीन होतात, मंत्रिमंडळे बदलतात. आर्नासन यांची कल्पना मात्र विद्यापीठात वीस वर्षे टिकून राहिली.

आइसलंडच्या प्रयोगाला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. हायड्रोजन शहराच्या रस्त्यावर सुरक्षितपणे वापरता येतो, हे त्याने दाखवून दिले. शेवटच्या बसनंतर काय, हा प्रश्न मात्र करारात विचारलाच गेला नव्हता. आपल्याकडे प्रादेशिक हायड्रोजन प्रकल्पांचे करार होत असताना हा प्रश्न पहिल्या पानावर असावा, एवढाच या इतिहासाचा आग्रह आहे.