कितवी महाराष्ट्र केसरी?

आज डावपेच नाही, आकडे. कुस्तीच्या स्पर्धेला नंबर कोण देतं आणि का?

माळेगावच्या जत्रेत, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या जत्रेत, मी आखाड्याशेजारी उभा राहून ‘एक नंबरची कुस्ती’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले. आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग इनाम चढत जातं, आणि एक नंबरची जोड सगळ्यात शेवटी लागते. एक नंबर शेवटी! जत्रा कितवी, ते मात्र कोणी विचारत नाही. पत्रकावर आकडा असला तरी ध्यानात राहतात देव आणि तिथी.

अमेरिकेतल्या यूएफसीचं उलटं. १९९३ साली डेन्व्हरला झालेल्या त्यांच्या पहिल्या स्पर्धेच्या नावात आकडाच नव्हता. दुसरी झाल्यावर ती पहिली ठरली. पुढे २०१२ मध्ये १५१वी ऐनवेळी रद्द झाली, तरी नंतरची १५२वीच. १५१ची जागा कायमची रिकामी. मालक एक, वही एक, त्यामुळे भांडण नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ला औरंगाबादपासून सुरू झाला. १९६९ला स्पर्धा लातूरला होती आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार घरच्या मातीत केसरी झाले. २००१ला नांदेडला राहुल काळभोर. जुनी माणसं ‘लातूरची’, ‘नांदेडची’ अशीच आठवण काढतात. कितवी ते त्यांनाही सांगता येणार नाही.

आता गंमत बघा. लातूरचा शैलेश शेळके अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीरकडून हरला ती जानेवारी २०२०ची स्पर्धा ६३वी. पण १९६१पासून एकही वर्ष न चुकवता मोजलं तरी साठी ओलांडत नाही, आणि मध्ये खंडही पडलेत. कारण मोजदाद किताबाची नाहीच. पूर्ण नाव ‘राज्य अजिंक्यपद कुस्ती स्पर्धा व महाराष्ट्र केसरी किताब लढत’ असं लांबलचक असतं. आकडा जुन्या अजिंक्यपदाचा, आणि आपण तो केसरीला चिकटवतो.

हे चाललं असतं, पण संघटना फुटली. एक संघ, एक परिषद, दोघांचा दावा तोच. जानेवारी २०२३ला पुण्यात ६५वी झाली, शिवराज राक्षे जिंकला. त्याच नोव्हेंबरात फुलगावला ६६वी झाली, सिकंदर शेख जिंकला. आणि काही दिवसांनी आपल्या लातूरच्या शेजारी, धाराशिवला, पुन्हा ६५वी! तीही शिवराजनेच मारली. दोन गदा, आकडा एकच.

२०२५ला तर अहिल्यानगरला फेब्रुवारीत ६७वी झाली, पृथ्वीराज मोहोळ केसरी. मार्चमध्ये त्याच जिल्ह्यात कर्जतला ६६वी, वेताळ शेळके केसरी. सदुसष्ट आधी, सहासष्ट नंतर.

मला यात पैलवानांचं वाईट वाटतं. त्यांनी घाम गाळून मारलेल्या कुस्तीत खोटं काहीच नाही. पण हा किताब मारणाऱ्यांपैकी काहींना पोलीस खात्यात थेट अधिकाऱ्याची नोकरी मिळालेली आहे. म्हणजे प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आणि कोणता आकडा, यावर पोराचं पुढचं आयुष्य अडू शकतं. खुराकाचा खर्च घरच्यांनी जमीन गहाण टाकून केलेला असतो हो. आणि गावात सत्काराचा फ्लेक्स लावताना कार्यकर्ते आकडाच गाळतात, नुसतं ‘महाराष्ट्र केसरी’ लिहितात. जत्रेवाल्यांसारखं.