मिलो, सुकडी आणि 44 हजारांची रेघ: रेशनचा हिशेब आता आपण मांडू

"फुकट रेशनमुळे मजूर माजला. आता कामाला कुणी मिळत नाही." मराठवाड्यातल्या कोणत्याही पारावर आज हे वाक्य कानावर पडतं. आपल्यातलीच शिकलेली काही पोरंही ते मान डोलवत ऐकून घेतात. म्हणून आधी हिशेब करू. प्राधान्य कुटुंबातल्या एका माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला सुमारे 167 ग्रॅम. एवढ्या पिठात दोन भाकरी होतात. दोन भाकरींवर दिवसभर ऊस तोडून कोणता माणूस माजतो, हे पारावरच्या विद्वानांनी एकदा सांगावं.

तक्रारीचं खरं कारण वेगळं आहे. घरात दोन भाकरींची सोय असलेला मजूर पडेल त्या मजुरीला हो म्हणत नाही. त्याची ही 'नाही' म्हणण्याची ताकद काहींना खुपते. रेशनचा इतिहास आम्ही या अंगाने वाचतो. धान्य कोणाच्या हातातून येतं आणि ते देणारा बदल्यात काय मागतो, हा प्रश्न आपल्या चळवळीइतकाच जुना आहे.

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव हे हा प्रश्न तपासायला योग्य गाव आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे कोयते बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावात म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात. केज विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण मतदारसंघ राखीव झाला म्हणून ताटातली भाकर राखीव होत नाही.

भाकरीचं वतन

आपल्या आज्या-पणज्यांना अन्नसाहाय्य मिळत नव्हतं असं नाही. गावकीची कामं करायची, सांगावे पोहोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची, हीसुद्धा एक अन्नव्यवस्थाच होती. तिचं नाव येसकरकी आणि बलुतं. कामाला मोजमाप नाही आणि भाकरीला हमी नाही, हा तिचा कायदा. शिळी भाकर देणाऱ्याला पुण्य मिळायचं. घेणाऱ्याच्या वाट्याला लाचारी यायची.

बाबासाहेबांनी घाव घातला तो इथेच. मार्च 1927 मध्ये महाडला त्यांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मृत मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचं आवाहन केलं. पुढच्याच वर्षी, 19 मार्च 1928 रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचं विधेयक मांडलं. ज्याचं काम सरकार घेतं त्याला सरकारने ठरलेला मोबदला द्यावा, गावाच्या मर्जीवर टांगून ठेवू नये, हा त्याचा गाभा होता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे मुंबईचा कायदा इथे लागू होणार नव्हता. पण तो विचार थांबला नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. महार आणि मांग एका मांडवात बसून वतनाच्या गुलामगिरीवर बोलले, ही गोष्ट आजच्या तरुणांनी विसरू नये.

अन्न रोखणं हे जातीचं जुनं हत्यार आहे, हेही बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलं. ते सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने 1930 च्या अहवालात बहिष्काराचं वर्णन केलं आहे. अस्पृश्यांनी हक्क बजावला की त्यांची मजुरी बंद होते, वाट अडवली जाते आणि गावचा वाणी जिन्नस देत नाही. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. 1978 मध्ये नामांतराच्या वेळी मराठवाड्यातल्या वस्त्यांनी हेच हत्यार पुन्हा अंगावर झेललं. घरं जळाली आणि जी वाचली त्यांच्यावर बहिष्कार आला. अशा वेळी गावात सरकारी धान्याचं दुकान असणं आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हा जगण्यामरण्याचा प्रश्न होतो.

1964: रेशन ही आपल्या चळवळीची मागणी

रेशन ही कोणत्या तरी पक्षाने दिलेली भेट आहे असं समजणाऱ्यांनी 1964 सालाकडे पाहावं. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली. कसेल त्याची जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना सवलती आणि संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र या मागण्या आपल्याला पाठ असतात. त्याच सनदेत धान्याचं पुरेसं वाटप आणि वाढत्या किमतींवर नियंत्रण ही मागणीही होती. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यांत बायका होत्या, कडेवरची लेकरंही होती. सत्याग्रह चालू असतानाच, जानेवारी 1965 मध्ये, भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. देशात टंचाई होती, सरकारला ते करणं भागच होतं. पण भुकेल्यांच्या बाजूने रस्त्यावर कोण उतरलं होतं, हे इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

त्या सनदेचं शहाणपण तिच्या मांडणीत आहे. जमीन, मजुरी आणि धान्य या तिन्ही मागण्या एकत्र आहेत. नुसतं धान्य मागितलं तर माणूस कायम हात पसरत राहतो. नुसती जमीन मागितली तर ती मिळेपर्यंत लेकरं काय खाणार?

मिलो आणि सुकडी

1972 चा दुष्काळ आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, उन्हात फोडलेली खडी. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. जातीने मात्र दुष्काळातही सुट्टी घेतली नाही. 1972 मध्येच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली.

दुष्काळी कामांतून एक मोठी गोष्ट मात्र निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हे सरकारवर बंधन आलं. भाकर मागणारा आता काम मागू लागला, आणि तेही पाटलाकडे न जाता तहसीलदाराकडे अर्ज देऊन. भीक आणि हक्क यांतला फरक याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

कागदावरचा हक्क आणि त्याला मारलेली रेघ

2001 मध्ये गोदामं भरलेली असताना लोक उपाशी होते. पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने अन्नयोजना लोकांच्या हक्काच्या ठरल्या. 2004 मध्ये न्यायालयाने शालेय पोषण आहाराचा स्वयंपाक करायला दलित, आदिवासींना प्राधान्य द्या असं सांगितलं. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या 531 गावांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रेशनच्या दुकानातही जात मापाला बसलेली आहे हे दिसलं. कुठे माप कमी, कुठे दर जास्त. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ते काम आपल्यासाठी शिल्लक आहे.

2013 मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. आता धान्य मोफत आहे. पण मिळतं कोणाला? राज्याने ग्रामीण प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला 44 हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरवली आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. 2025-26 मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर 312 रुपये होता. नवरा-बायको दोघांनी वर्षात 71-71 दिवस काम केलं तरी 44 हजारांची रेघ ओलांडली जाते. म्हणजे सरकारच्या एका खात्याचा दर दुसऱ्या खात्याच्या हिशेबाने माणसाला श्रीमंत करतो! मग उत्पन्नाचा दाखला काढताना गरिबाला खोटं बोलावं लागतं. खोटं बोलायला लावलेला माणूस हक्क मागायला उभा राहत नाही, तो दबून राहतो.

दुसरी रेघ इष्टांकाची. राज्यातल्या सुमारे 7 कोटी लोकांचा कोटा 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर जन्मलेली लेकरं आणि वेगळी झालेली बिऱ्हाडं जागा रिकामी होण्याची वाट पाहतात.

तिसरी रेघ सातबाऱ्याची. बीडसह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्त धान्य मिळू लागलं. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी 150 रुपये आले, पुढे 170 झाले. शेतकऱ्याला मदत झाली याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच गावातल्या केशरी कार्डाच्या भूमिहीनाला यात जागा नाही. त्याचा गुन्हा एवढाच की त्याच्या बापजाद्यांना जमीन मिळू दिली नाही.

चौथी रेघ अंत्योदयाची. तिथे कुटुंबाला 35 किलो मिळतात, माणसं कितीही असोत. आठ जणांच्या अंत्योदय कुटुंबाला 35 किलो आणि आठ जणांच्या प्राधान्य कुटुंबाला 40. सर्वांत गरिबाला कमी!

पाचवी रेघ अंगठ्याची. कार्ड कुठेही चालतं असं सांगतात. पण कारखान्याच्या तळावर पहाटेपासून फडात असलेल्या बाईने अंगठा द्यायला दुकानात जायचं केव्हा? आणि तिने तिथे सगळं धान्य उचललं तर गावातल्या सासूने काय खायचं?

आता करायचं काय

कायद्याचे कलम 27 ते 29 वाचा. रेशनच्या नोंदी लोकांना खुल्या असल्या पाहिजेत. सामाजिक अंकेक्षण झालं पाहिजे. दुकानापर्यंतच्या दक्षता समितीत अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया आणि निराधारांना योग्य प्रतिनिधित्व पाहिजे. युसूफ वडगाव असो की तुमचं गाव, समितीत आपल्या वस्तीतलं कोण आहे, सभा कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे, हे लेखी विचारा. धान्य मिळालं नाही तर कलम 8 प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागा. बहिष्कार टाकला तर अॅट्रॉसिटी कायद्यात तो गुन्हा आहे.

वस्तीतल्या प्रत्येक घराची एक वही करा. कार्डावर नावं किती, घरात माणसं किती, पावतीवर किलो किती, पोत्यात किती, कोयत्यावर गेलेल्यांचं धान्य कुठे उचललं. आकडे आपल्या हाती असले की पारावरचं वाक्य आपोआप गप्प होतं. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर 1964 ची मागणी लिहून ठेवा: जमीन, मजुरी, धान्य. तिन्ही एकत्र.

जय भीम!