सावली नसलेला अशोक



परवा नातीला भक्तामर शिकवत होते. अठ्ठाविसाव्या श्लोकात भगवंत उंच अशोकवृक्षाखाली विराजमान आहेत. अष्टप्रातिहार्यांतले हे एक. तिला समजावे म्हणून खिडकीतून फाटकाजवळचा अशोक दाखवला. ती म्हणाली, "आज्जी, याच्याखाली कसं बसायचं? याला सावलीच नाही!"

पोरीचे बरोबर होते. खांबासारखे सरळ वाढणारे, नागमोडी कडांच्या पानांचे ते झाड म्हणजे खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला. खरा तो सीतेचा अशोक. शेंगा धरणारा, आपल्या चिंचेचा भाऊबंद. दाट पानांचा, कोवळी तांबूस पालवी खाली लोंबणारी, आणि वसंतात फांद्यांना बिलगलेले केशरी-लाल फुलांचे गुच्छ.

एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांना केवलज्ञान झाले ते अशोकाखालीच. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात राणीचा पाय दुखावतो, म्हणून अशोकाला पदस्पर्श करायला मालविकेला पाठवतात. स्त्रीच्या पायाने तो फुलतो, अशी तेव्हाची समजूत. पुढे लिनियसने 1767 मध्ये या प्रजातीला 'सराका' नाव दिले. तिची भावंडे थेट मलेशिया-इंडोनेशियाच्या सदाहरित जंगलांपर्यंत आहेत. 1795 मध्ये रॉक्सबर्ग यांनी आपल्या झाडाला विल्यम जोन्स यांच्या नावावरून 'जोनेसिया असोका' म्हटले. जोन्स यांचे नाव नंतर गळाले. 'असोका' मात्र राहिले.

नाव राहिले, झाड मात्र कमी झाले. सह्याद्रीच्या ओलसर जंगलात, ओढ्याकाठी ते वाढते, तेही हळूहळू. त्याची साल बायकांच्या तक्रारींवर औषध, म्हणून तिला फार मागणी. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली, की पानांनी केलेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळते. जगातील संकटग्रस्त जातींच्या यादीत आज हा अशोक 'असुरक्षित' आहे.

मैत्रिणींनो, अशोकाचे औषध मीही वर्षानुवर्षे घेतले. कंदमूळ टाळताना आपण अनंत जीवांचा विचार करतो. पण बाटलीतली साल कुठून आली, झाड जगले की मेले, हे मी एकदाही विचारले नाही. औषध सोडा असे मी म्हणत नाही. ते वैद्यांनी सांगावे. पण ज्या झाडाखाली शोक उरत नाही असे आपण मानतो, त्याचे थोडे ऋण फेडायला हवे.

मंदिराच्या अंगणात, विहिरीच्या बाजूला ओल असते. तिथे आम्ही दोघींनी खऱ्या अशोकाचे रोप लावले आहे. अजून नातीच्या गुडघ्याएवढेच आहे. रोज देवदर्शन झाले, की ती त्याला तांब्याभर पाणी घालते आणि विचारते, "आज्जी, सावली कधी पडेल?"

मी म्हणते, "तुझ्या मुलांना मिळेल गं."