तोतयाचे बंड (१७७६) : पुरावा आणि निष्ठा

१७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या देहाच्या ओळखीविषयी संशय उरल्याने ते जिवंत असल्याची आशा टिकून राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. याच आशेवर सुखनिधान या कनोजी ब्राह्मणाचे बंड उभे राहिले. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतच चौकशी होऊन त्याचे सोंग उघड झाले होते व तो कैदेत होता. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीचा मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास मुक्त करताच हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. पनवेल-आपटा टापूच्या वरच्या अंगास असलेल्या बोरघाटापर्यंत बंडाची मजल गेली.

यास केवळ लोकांचे अज्ञान कारण मानणे अपुरे ठरते. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला होता, सवाई माधवराव अल्पवयीन होते आणि सत्ता कारभाऱ्यांच्या हाती होती. तोतयाविरुद्धचा पुरावाही दरबारचाच होता; ज्यांचा दरबारावर विश्वास नव्हता, त्यांना तो पुरावाच कारस्थान वाटणे स्वाभाविक होते. शिवाय एकदा शस्त्र उचललेल्यास चूक मान्य करणे म्हणजे राजद्रोह कबूल करणे होते.

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी बंड मोडले. पळालेल्या तोतयास रघूजी आंग्रे यांनी कुलाब्यास पकडले आणि त्याच वर्षी पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. सारांश, पुराव्याचे बळ तो मांडणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असते. ती ढळली की निष्ठा पुराव्यास जुमानत नाही.