ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग

डेटाबेसमधले तक्ते आणि त्यांतल्या ओळी यांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेतल्या क्लासचे रूप देण्याचे तंत्र. प्रोग्रामर याला थोडक्यात ‘ओआरएम’ म्हणतात. ढोबळ नियम असा : तक्त्याला क्लास, ओळीला ऑब्जेक्ट, रकान्याला गुणधर्म. प्रोग्रामरने ऑब्जेक्ट हाताळावा आणि त्यासाठी लागणारी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली वाक्ये ओआरएमने परस्पर रचून डेटाबेसकडे धाडावीत, अशी ही व्यवस्था आहे.

महाराष्ट्रात तक्ता समजवायला सातबाऱ्याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही. चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावात स्ट्रॉबेरी होते. तिथले एखादे शेत घेतले तर त्याची सगळी माहिती एका कागदावर मावत नाही. गाव नमुना ७ मध्ये भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार आणि भोगवटादाराचे नाव. नमुना १२ मध्ये पिके. वऱ्हाडात पेरेपत्रक म्हणतात ते हेच. खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची तर आठ-अ. विक्री, वारस, वाटणी, काहीही झाले की आधी नमुना ६ मध्ये फेरफार. हे कागद एकमेकांना बांधलेले असतात ते फक्त क्रमांकांनी : भूमापन क्रमांक, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच होता. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते जोडायचे ते त्यांतल्या मूल्यांनीच. पटवाऱ्याच्या दप्तराला ही रीत कॉड यांच्या आधीपासून ठाऊक होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

ऑब्जेक्टचे घराणे वेगळे. १९६०च्या दशकात नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडवली. माहिती आणि तिच्यावर चालणारी कृती एका जागी ठेवण्याची पद्धत तिथून पुढे आली. या पद्धतीत मोथ्याचे शेत नुसती ओळ राहत नाही. त्याला आपला खातेदार ठाऊक असतो, पिकांची यादी त्याच्याजवळ असते आणि त्याला काम सांगता येते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकरी मात्र एकरात बोलतो. ‘शेत’ या क्लासमध्ये ‘एकरात सांग’ अशी मेथड लिहिली की २.४७ने गुणण्याचा हिशेब एकाच जागी राहतो. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना लागत नाही.

ही दोन घराणी धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र नांदू लागली आणि कुरबुरी सुरू झाल्या. त्यांना विद्युतशास्त्रातून उसना घेतलेला ‘इम्पीडन्स मिसमॅच’ हा शब्द चिकटला. त्यावर तोडगा म्हणून १९९०च्या दशकात कॅनडात स्मॉलटॉक भाषेसाठी टॉपलिंक तयार झाले. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी जावासाठी हायबरनेट सुरू केले. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या ग्रंथात या तोडग्यांना नावे देऊन त्यांची वर्गवारी केली. त्यातल्या दोन पद्धती आजही वादाला पुरतात. ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’मध्ये ऑब्जेक्ट स्वतःच स्वतःला डेटाबेसमध्ये जतन करतो. ‘डेटा मॅपर’मध्ये त्याला डेटाबेसचा पत्ताही नसतो, ने-आण मधला थर करतो. रुबी ऑन रेल्स आणि जँगो पहिल्या वाटेने गेले, हायबरनेट आणि एसक्यूएलअल्केमी दुसऱ्या. पहिली पद्धत शिकायला सोपी; पसारा वाढला की दुसरीचे मोल कळते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबईचे आहे. रुशभ मेहता यांच्या फ्रापे कंपनीने ईआरपीनेक्स्ट ही मुक्त स्रोत हिशेब-प्रणाली घडवली. तिच्या तळाशी असलेल्या फ्रापे फ्रेमवर्कचा पाया म्हणजे ‘डॉकटाइप’. पडद्यावर रकान्यांची नावे आणि प्रकार भरले की फ्रेमवर्क मारियाडीबी या डेटाबेसमध्ये तक्ता तयार करते. तक्त्याच्या नावाआधी ‘टॅब’ ही अक्षरे लागतात. बिलातल्या मालाच्या ओळी वेगळ्या तक्त्यात जातात आणि प्रत्येक ओळ आपले मूळ बिल कोणते, आपला क्रम कितवा, हे सोबत बाळगते. प्रोग्रामरने ‘गेट डॉक’ म्हटले की बिल आणि त्याच्या ओळी मिळून एकच ऑब्जेक्ट हाती येतो. गंमत म्हणजे डॉकटाइपची व्याख्याही एका डॉकटाइपमध्येच साठवलेली असते.

फ्रापेतल्या सबमिट होणाऱ्या दस्तऐवजाला तीन अवस्था आहेत : मसुदा ०, दाखल १, रद्द २. दाखल झालेले बिल खोडून दुरुस्त करता येत नाही. ते रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते. दोघांनी एकच दस्तऐवज उघडला आणि एकाने आधी जतन केला, तर दुसऱ्याचे जतन नाकारले जाते. महसुली दप्तराचा खाक्या याच्या जवळचा आहे. तिथेही सातबाऱ्यावरचे नाव परस्पर बदलत नाही. पटवारी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच बदल अमलात येतो.

ओआरएमचा पहिला अडथळा वारशाचा, म्हणजे इन्हेरिटन्सचा. जमिनीचे भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असतात. वर्ग १ची जमीन सामान्यतः मोकळेपणी विकता येते, वर्ग २च्या हस्तांतरावर निर्बंध असतात. क्लासच्या भाषेत हे सोपे : एक मूळ क्लास, त्याचे दोन उपक्लास. तक्त्यांत मात्र तीन वाटा फुटतात. सगळे एकाच तक्त्यात घालून प्रकाराचा एक रकाना ठेवला, तर काही रकाने रिकामे राहतात. सामाईक भाग एका तक्त्यात आणि खास भाग दुसऱ्यात ठेवला, तर दर वेळी दोन्ही जोडावे लागतात. दोन पूर्ण वेगळे तक्ते केले, तर गावची एकत्र यादी दोन्हींतून गोळा करावी लागते. सातबाऱ्याने पहिली वाट धरलेली दिसते. त्यावर ‘भूधारणा पद्धती’ असा रकानाच आहे.

दुसरा अडथळा वेगाचा. समजा, गावात २०० शेते आहेत आणि प्रत्येकाच्या खातेदाराचे नाव छापायचे आहे. ओआरएम एका प्रश्नात २०० शेते आणतो. मग प्रोग्राम ‘शेताचा खातेदार’ म्हणेल तेव्हा दर वेळी एक नवा प्रश्न डेटाबेसकडे जातो. एकूण २०१. कोडमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे फक्त एक साधे लूप असते. प्रोग्रामरांच्या बोलीत याला ‘एन प्लस वन’ म्हणतात. चिखलदऱ्याच्या मेळघाटात पान हळू उघडले की बोट मोबाइलच्या रेंजकडेच जाते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण हा दोष टॉवर उभारून जात नाही. ओआरएमला खातेदारही सोबतच आणायला सांगितले, की तेच काम एका किंवा दोन प्रश्नांत उरकते. तालुक्यात कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र, असली बेरीज मागायची असेल तर ऑब्जेक्ट बनवण्यातच अर्थ नाही. तिथे सरळ एसक्यूएल बरे.

तिसरा अडथळा नियमांचा. तो सर्वांत गंभीर, आणि चिखलदरा तालुक्यात त्याचे गांभीर्य चटकन लक्षात येते. हा कोरकूबहुल आदिवासी तालुका आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता लागते. १९७४च्या दुरुस्तीने आलेला हा नियम ‘शेत’ क्लासच्या ‘हस्तांतर’ मेथडमध्ये चार ओळींत बसतो आणि तिथे तो शोभतोही. मात्र त्या मेथडबाहेर त्याचे राज्य चालत नाही. कोणी थेट एसक्यूएलने खाते क्रमांक बदलला, किंवा दुसऱ्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्याच तक्त्यावर आणून बसवला, तर ओळ निमूटपणे बदलते. फ्रापेतही ‘सेट व्हॅल्यू’ हा डेटाबेसला थेट हात घालणारा मार्ग आहे. तो वापरल्यास ‘व्हॅलिडेट’सारख्या तपासण्या चालत नाहीत, असा इशारा फ्रेमवर्कच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. म्हणून सावध मंडळी असा नियम दोनदा लिहितात, एकदा क्लासमध्ये आणि एकदा ट्रिगरमध्ये, म्हणजे ओळ बदलताना डेटाबेस स्वतःच चालवतो त्या तपासणीत. कायद्यात दुरुस्ती झाली की दोन्हीकडे जाऊन बदल करावा लागतो.