खाणीचा आश्रय, मैदानाचे मौन

गोमंतकीय फुटबॉलचा इतिहास लोहखनिजाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. साळगावकर (१९५६) आणि धेंपो (१९६८) हे क्लब खाणमालक घराण्यांच्या आश्रयाने उभे राहिले. पुढे राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद धेंपोने पाच वेळा, तर साळगावकरने दोनदा मिळवले. याच दशकांत डिचोली-सांग्याच्या भातशेतीत पावसाळ्यागणिक खाणींचा गाळ उतरत होता. २००९ मध्ये धेंपो समूहाने खाणव्यवसाय विकला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपल्याने त्यानंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले.

म्हणून हे क्लब कलंकित ठरतात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण या आश्रयाविना गावोगावच्या मुलांना व्यावसायिक फुटबॉलचे दार क्वचितच उघडले असते. परंतु राजाश्रयाचा जुना नियम येथेही लागू पडतो : दाता प्रश्न विचारू देत नाही, आणि जाताना विचारीतही नाही. महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ दोन्ही क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, तो निर्णय मालकांचा होता. जर्मनीत १९९८ पासून क्लबमधील बहुमताचा हक्क सामान्यतः सभासदांकडे राखलेला आहे. आपल्याकडे चाहत्याच्या वाट्याला निष्ठा आली, मत आले नाही. पैसा कोठून येतो हे विचारण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याची निष्ठाही अखेर दुसऱ्याचीच मालमत्ता ठरते.